प्रश्नपत्रिकेतून दीर्घोत्तरी प्रश्न काढून टाकावेत का?

खडूधारी:
यंदा पेपर काढायचं काम माझ्या गळ्यात आहे. माझं स्पष्ट मत, सगळेच प्रश्न बहुपर्यायी ठेवा. मागच्या वेळी एका उत्तराला सकाळी ५ पैकी ४ गुण दिले. रात्री गठ्ठ्याच्या तळाशी जवळपास तसंच उत्तर आलं, त्याला दिले २. मुलाचा दोष काय, तर त्याचा पेपर तळाशी होता! अमेरिकेत स्टार्च आणि इलियट या संशोधकांनी १९१३ साली भूमितीचा एकच पेपर शंभरहून जास्त शिक्षकांकडून तपासून घेतला होता. कुणी तिसाच्या आत गुण दिले, कुणी नव्वदच्या वर. तेही भूमितीत.

लालशाई:
तपासणाऱ्याचा हात डळमळतो म्हणून प्रश्नच बदलायचा? गुणदानाचा तक्ता आधी बनवा, नाव झाका, सगळ्यांचा पहिला प्रश्न तपासून मगच दुसऱ्याला हात घाला. कष्ट आहेत, मान्य. पण चार पर्यायांचे २० प्रश्न डोळे मिटून सोडवले तरी सरासरी ५ बरोबर येतात, त्याचं काय करणार?

खडूधारी:
चुकीला एक तृतीयांश गुण कापा, अंदाजपंचे फायदा शून्यावर येतो.

लालशाई:
कागदावर येतो! प्रत्यक्षात दोन पर्याय खात्रीने खोडता येणारी भित्री मुलगी प्रश्न सोडून देते आणि बिनधास्त मुलगा ठोकून देतो. मग तुम्ही धाडस मोजलंत, विषय नाही.

तिरकाकोन:
भांडा, पण पर्याय कोण लिहितं तेही बघा. १/२ + १/३ याला ५/६ सोबत ७, १०० आणि 'यांपैकी नाही' असे पर्याय दिलेत तर तो प्रश्नच नाही. २/५ ठेवा. अंशात अंश, छेदात छेद मिळवणारं पोर बरोबर तिथे जाऊन बसतं आणि कुठे अडलंय ते लगेच कळतं. असे तीन सापळे लिहायला मला अर्धा तास लागतो. बहुपर्यायीमध्ये वेळ वाचत नाही, तो तपासण्याआधी जातो, एवढंच.

लालशाई:
हे पटलं. तरी 'कारण सांगा' हवंच. २/५ का चुकलं, हे दोन ओळींत लिहू दे. उत्तर १/२ पेक्षाही लहान आलंय, एवढं लिहिलं तरी मी पूर्ण गुण देईन.

खडूधारी:
दोन ओळी चालतील. दोन पानं नकोत. पानं भरणाऱ्याला गुण द्यायची सवय माझीही सुटत नाही.

शेवटचाबाक:
कुणीतरी 'जोड्या लावा'बद्दलही बोला. पाचला पाच दिले की बरोब्बर चार जोड्या जुळणं शक्यच नाही. एक चुकली की दुसरी आपोआप चुकते. उजवीकडे दोन नावं जास्तीची टाका, मग शेवटची जोडी फुकट मिळत नाही.

खडूधारी:
हे इतकी वर्षं लक्षात आलं नव्हतं. बरं, दहा बहुपर्यायी, पाच 'कारण सांगा'. निबंधवजा प्रश्नाला मात्र माझा विरोध कायम.

लालशाई:
एक तरी ठेवा. सलग विचार कुठे दिसणार मग?