‘चिंताविकार’ म्हणावे की ‘चिंताविकृती’?

विचारणा:
मानसिक आरोग्याविषयीचे एक माहितीपत्रक मराठीत आणताना ‘अँक्झायटी डिसऑर्डर’ या संज्ञेपाशी अडलो आहे. छापील मजकुरात चिंताविकृती, चिंताविकार आणि चिंतारोग असे तिन्ही शब्द दिसतात. यांपैकी कोणता वापरावा, आणि पॅनिक अटॅक, फोबिया व त्यांवरील उपचार यांची नावे मराठीत कशी द्यावीत, याविषयी जाणकारांनी मत द्यावे.

प्रतिसाद:
माझे मत ‘चिंताविकार’ला आहे. परिभाषेत ‘विकृती’चा अर्थ केवळ बिघाड एवढाच असला, तरी बोलण्यात ‘विकृत’ म्हटले की दुसऱ्याला छळण्यात आनंद मानणारा माणूस डोळ्यांसमोर येतो, आणि आधीच घाबरलेल्या रुग्णाच्या कागदावर असा शब्द लिहिणे मला क्रूर वाटते. हृदयविकार, नेत्रविकार यांच्या पंक्तीत ‘चिंताविकार’ सहज बसतो.

खरी अडचण ‘चिंता’ या पूर्वपदाची आहे. मुलीच्या लग्नाची किंवा लांबलेल्या पावसाची चिंता प्रत्येकाला ठाऊक असते, त्यामुळे ‘चिंता करू नकोस’ एवढ्या सल्ल्यावर आजाराचीही बोळवण होते. सर्वसाधारण चिंताविकाराचे निदान करताना मात्र अनेक विषयांवरची, आवरू म्हटले तरी न आवरणारी चिंता किमान ६ महिने, बहुतेक दिवस आहे काय, हे पाहतात. तिच्या जोडीला झोपमोड, थकवा, चिडचिड, मन एकाग्र न होणे, अंग आखडणे अशा तक्रारी असतात आणि रोजच्या कामांत अडथळा येतो. आपल्याकडचा ‘घोर’ हा शब्द याच्या बराच जवळ जातो, कारण जिवाला लागलेला घोर विषय बदलला तरी सुटत नाही. ‘धाकधूक’ निकाल लागेपर्यंतची असते, तर ‘हुरहूर’ हा आजारच नव्हे. ‘धसका’ मात्र घडून गेलेल्या प्रसंगाचा घेतलेला असतो, म्हणून तो आघातोत्तर तणावविकाराकडे झुकतो, आणि अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३च्या वर्गीकरणात त्या विकाराला चिंताविकारांच्या गटाबाहेर काढले आहे.

पॅनिक अटॅकला ‘घबराट’ म्हणू नये. घबराट गावात किंवा बाजारात पसरते, एकट्या माणसाला येत नाही. ‘भीतीचा झटका’ हे नाव योग्य आहे. छातीत धडधड, श्वास अपुरा पडणे, दरदरून घाम आणि ‘आता मी मरणार’ ही खात्री काही मिनिटांत शिगेला पोहोचते, त्यामुळे असे रुग्ण हृदयविकाराच्या झटक्याच्या शंकेने पुष्कळदा आधी हृदयरोगतज्ज्ञाकडेच जातात, आणि पहिल्या वेळी तसे जाणे योग्यही आहे. तेथे ईसीजी व्यवस्थित आला की ‘तुम्हाला काही झालेले नाही’ असे सांगितले जाते. त्या वाक्याचा खरा अर्थ ‘हृदयाला काही झालेले नाही’ एवढाच असतो, आणि माहितीपत्रकात ही ओळ ठळक छापावी असे मी सुचवेन.

फोबियासाठी ‘भयगंड’ रूढ आहे. न्यूनगंडातला ‘गंड’ निराळ्या संकल्पनेसाठी (‘कॉम्प्लेक्स’) वापरला जातो हे खरे, पण वाचकाचा त्यामुळे गोंधळ होत असल्याचे मला तरी दिसलेले नाही.

पुरवणी:
‘मंत्रचळ’ राहिला. पुन्हापुन्हा हात धुणे, कुलूप तपासणे यांसाठी तो सर्रास वापरतात आणि तो नेमकाही आहे, परंतु २०१३च्या त्याच वर्गीकरणात हा विकारही स्वतंत्र गटात गेला असल्याने चिंताविकारांच्या यादीत तो घालू नये.

उपचारांच्या नावांत मला ‘बोधात्मक वर्तनोपचार’ (कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी) खटकतो. मराठी वाचकाला ‘बोध’ म्हटले की बोधकथा आठवते आणि समोरचा आता उपदेश करणार असे वाटते. प्रत्यक्षात ‘लिफ्ट मध्येच अडकेल आणि मी गुदमरेन’ यासारखा रुग्णाचाच विचार तपासायला घेऊन त्याला पुरावा काय, हे त्याच्याबरोबर पाहिले जाते. म्हणून मी ‘विचार-वर्तन उपचार’ लिहितो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५०च्या दशकात मांडलेल्या जवळच्या पद्धतीला मराठीत ‘विवेकनिष्ठ’ हे विशेषण लाभले, आणि कि. मो. फडके यांच्या लेखनामुळे ते येथे रुजले.

भीती वाटते त्याच गोष्टीला तोंड द्यायला लावणाऱ्या ‘एक्स्पोजर’ या उपचारासाठी ‘टप्प्याटप्प्याने सामोरे जाणे’ असे सरळ लिहावे. आधी उघड्या लिफ्टपाशी उभे राहायचे, मग कोणाच्या तरी सोबतीने एक मजला, मग एकट्याने, आणि प्रत्येक टप्प्यावर भीती आपोआप ओसरू लागेपर्यंत थांबायचे. जिना धरला की तात्पुरते हायसे वाटते, आणि नेमक्या त्या हायसे वाटण्यामुळेच भीती टिकून राहते.

औषधांविषयीही शब्द जपून वापरावेत. चिंताविकारात सहसा प्रथम दिल्या जाणाऱ्या एसएसआरआय गटातील गोळ्या ‘नैराश्यविरोधी’ म्हणून ओळखल्या जातात, आणि ते नाव वाचून ‘मला नैराश्य नाहीच’ म्हणत काही रुग्ण त्या टाकून देतात. त्यांचा गुण दिसायला काही आठवडे लागतात आणि बंद करतानाही त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करायच्या असतात. सवय लागण्याचा धोका अल्प्राझोलामसारख्या बेंझोडायझेपिन गटात अधिक असतो, म्हणून त्या शक्यतो थोड्याच काळासाठी देतात. लोक दोन्हींना ‘झोपेच्या गोळ्या’ म्हणतात, ते पत्रकात तरी टाळावे. गोळ्या मनोविकारतज्ज्ञ लिहून देतात, मानसशास्त्रज्ञ नव्हे, हा फरकही एका वाक्यात यावा, आणि शेवटी केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा विनाशुल्क क्रमांक द्यावा. तेथे मराठीतही बोलता येते.