मुलांना वर्गाबाहेर नेलं तर लिखाण सुधारतं का? अनुभव सांगा

माळावरची_शाळा:
नमस्कार, मी जि.प. शाळेत पाचवी-सहावीला मराठी शिकवते. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ दिला की सगळ्या वह्यांत तेच, काळे ढग दाटून आले, मोर पिसारा फुलवून नाचू लागला... आमच्याकडच्या पोरांनी मोर पाहिलेलाच नाही, सगळं गाईडातलं पाठ. म्हणून ओढ्याकडे घेऊन गेले, पोरं खूप खूश, पण परत येऊन लिहायला बसली तर पुन्हा तोच मोर. बाहेर नेल्यावर नेमकं काय करून घ्यायचं?

रानपाखरू:
ताई, ‘निसर्ग बघा’ म्हटलं की पोरं काहीच बघत नाहीत. एकच गोष्ट द्या. आत्ता पावसाळ्यात विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीचे खोपे असतील, तिथे लांब बसवा आणि अर्धा तास फक्त तेवढंच. खोपा नर विणतो, गवताच्या हिरव्या पात्या चोचीने चिरून आणतो, अर्धा झाला की मादी येऊन बघून जाते, तिला पसंत पडला तरच तो खालची नळी पूर्ण करतो, नाहीतर तसाच अर्धवट लटकत राहतो. हे आधी सांगू नका हां! आमच्या एका मुलीने विचारलं, ‘सर, ह्याने घर अर्धं का सोडलं?’ मी म्हटलं तूच लिही. दोन पानं लिहिली तिने, स्वतःच्या मनाने, आणि त्यात एकही वाक्य गाईडातलं नव्हतं.

चाळीतली_बाई:
आमच्या शाळेला मैदानच नाही, तरी जमतं. गेटबाहेरच्या भिंतीच्या फटीत पिंपळ उगवलाय, तो दर महिन्याला बघायचा. कधी डोळे मिटून नुसते आवाज ऐकायचे. आणि तिथल्या तिथे लिहायला लावत नाही मी, आधी भरपूर बोलू देते, घरी बोलतात त्याच बोलीत, मग दुसऱ्या दिवशी लिखाण. पहिल्या खर्ड्यावर लाल पेन अजिबात नाही, ऱ्हस्व-दीर्घाच्या धाकाने पोरं दोन ओळींतच आटोपतात.

माळावरची_शाळा:
खोप्यांचं भारीये, आमच्या विहिरीवर आहेतच. पण वेळ कुठून काढू? सिलॅबसचं काय, पालकही म्हणतात पोरं नुसती भटकतात.

डोंगरवाट:
मॅडम, पाचवीला परिसर अभ्यास आहेच, त्याची तासिका जोडून घ्या, नाहीतर आनंददायी शनिवार. सहावीसाठी तर २०२० च्या राष्ट्रीय धोरणातच १० दिवस दप्तराविना म्हटलंय, हेडसरांना तेच दाखवा. रवींद्रनाथांनी १९०१ मध्ये शांतिनिकेतनात शाळा काढली ती झाडाखालीच भरायची, त्यामुळे हे काही नवीन खूळ नाही हे पालकांना ठासून सांगा. आणि मुलांचं लिखाण पालकसभेत मुलांनाच वाचायला लावा, मग कुणी भटकंती म्हणत नाही. विहिरीला कठडा नसेल तर मात्र सोबत आणखी एक मोठं माणूस हवंच, पावसाळ्यात गवतात साप असतात, पोरांच्या पायात बूट पाहिजेत.