दारू सोडवायची पावडर न सांगता जेवणात घालावी का? (मदत हवी आहे)

घाटमाथा:
मोठा भाऊ, वय 41, रोज पितो. आधी संध्याकाळची चपटी असायची, आता सकाळीच लागते. उठल्यावर हात इतके थरथरतात की बशी ओठापर्यंत जाईतो निम्मा चहा सदऱ्यावर. एक घोट पोटात गेला की हात जागच्या जागी. वहिनी पोरांना घेऊन गणपतीनंतर माहेरी गेली ती आलीच नाही.

आईने कुणाच्या तरी सांगण्यावरून 'पिणाऱ्याला न कळता दारू सुटेल' असं छापलेली पावडर मागवली आहे. घटक म्हणून नुसतं 'दुर्मीळ वनौषधी'. आमटीत घालणार म्हणते. मी डबा लपवलाय, पण किती दिवस? दादाकडे विषय काढला की "मी काय बेवडा आहे का?" म्हणून ताटावरून उठतो. (माळ घाला असं कृपया सुचवू नका. घातली होती, आषाढीची कार्तिकीपर्यंत टिकली.)

तुळशीकट्टा:
पावडर नको, पण चार दिवस खोलीत कोंडा. बाटली दिसलीच नाही तर पिणार कुठून? आमच्या भावकीत एकाची अशीच सुटली.

रात्रपाळी:
तुळशीकट्टा, हे अजिबात करू नका. मी नर्स आहे. सकाळी हात थरथरणं म्हणजे शरीराला दारूची सवय पडली आहे. अशा माणसाची एकदम बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहींना भास होतात, भिंतीवर किडे दिसतात, ताप चढतो, माणूस दगावूही शकतो. दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवायची. तिथे झटके येऊ नयेत म्हणून औषध आणि बी-1 जीवनसत्त्व देतात.

आता पावडर. अशा पुड्यांत नक्की काय आहे ते कुणीच सांगू शकत नाही. त्यात डायसल्फिराम हे दारू सोडवण्याचं औषध निघालं तर गाठ जिवाशी. दारू पचताना शरीरात अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाचं विषारी द्रव्य तयार होतं. डायसल्फिराम त्याचं पुढचं पचन अडवतं, मग पिणाऱ्याचा चेहरा लालबुंद होतो, उलट्या, छातीत धडधड, बीपी खाली. डॉक्टर ही गोळी देतात तेव्हा आधी किमान 12 तास दारू प्यायलेली नसावी लागते, रुग्णाची संमतीही लागते. गोळी थांबवल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत दारू अंगावर येऊ शकते. तुमचा दादा सकाळपासून पितोय. डबा लपवू नका, फेका.

कोरडा_ओढा:
मी स्वतः एएमध्ये (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचा गट) आहे. 'दारू सोडायला चल' म्हटलं की कुणी हलत नाही. 'हात थरथरतात, झोप लागत नाही, एकदा दाखवून येऊ' एवढंच म्हणा, तेही सकाळी. रात्रीच्या भांडणात काही बोलू नका. डॉक्टरांना मात्र आधीच खरं काय ते कळवून ठेवा. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. 14446 ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, फोन फुकट.

एक विचारतो, राग मानू नका. गुत्त्यावरची उधारी कोण भागवतं?

घाटमाथा:
आई. चारचौघांत अब्रू जायला नको म्हणून. आणि दांडी पडली की 'ताप आलाय' असा कामावर फोन मी करते.

कोरडा_ओढा:
दोन्ही बंद करा. जेवायला वाढा, दवाखान्यात न्या, पण उधारी आणि खोटा फोन नाही. घरचे निस्तरत असतात तोवर पिणाऱ्याला अडचण भासतच नाही. आधी त्याला तसं सांगा मात्र, अचानक नको. आईसाठी अल-अनॉनच्या बैठका असतात, त्या पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठीच. पुणं जवळ असेल तर येरवड्याचं मुक्तांगण, डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी 1986 मध्ये सुरू केलेलं. तिथे घरच्यांनाही बसवून समजावतात.

घाटमाथा:
डबा आत्ताच उकिरड्यावर टाकून आले. आई बैठकीला येणार नाही, "लोक काय म्हणतील" सुरू आहे. मी एकटी गेले तर चालेल? दादा अजून तयार नाही, तरी?

कोरडा_ओढा:
चालतं. आमच्याकडे बहुतेक जणी तशाच येतात. नाव-गावसुद्धा कुणी विचारत नाही.