मदत हवी आहे: उत्तरेचा उन्हाळा थंडावला तर दक्षिण गोलार्ध का गारठतो?

नमस्कार. वाईजवळच्या एका शाळेत मी नववीला भूगोल शिकवते. एका प्रश्नावर अडकले आहे आणि मुलांना काहीतरी सांगून वेळ मारून न्यायची नाही.

जानेवारीत मुलांना घेऊन पहाटे महाबळेश्वरला गेलो होतो. वेण्णा तलावाकाठी गवतावर, गाड्यांच्या टपांवर दव गोठलं होतं. मुलं बोटांनी खरवडून बघत होती. एकीनं विचारलं, "बाई, हिमयुगात हितं बर्फ असंल का?" नाही म्हणून सांगितलं. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात होतं तेव्हा उत्तर अमेरिका आणि उत्तर युरोपवर अवाढव्य हिमस्तर होते, हिमालयात हिमनद्या होत्या, सह्याद्रीवर नव्हत्या. समुद्र मात्र जवळजवळ १२० मीटरनं खाली गेला होता, म्हणजे कोकणचा किनारा बराच पश्चिमेला.

लगेच दुसरी म्हणाली, "पण बाई, जानेवारीत तर पृथ्वी सूर्याच्या जवळ असती. मग थंडी कशी?" उपसूर्य स्थितीत अंतर १४.७ कोटी किलोमीटर, जुलैत अपसूर्य असताना १५.२ कोटी. ऋतू अंतरानं नाही, आसाच्या कलानं होतात, हे तिला पटलं.

तिथून गाडी मिलँकोविचवर आली. हिमयुगं का येतात याचं या सर्बियन शास्त्रज्ञानं गणित मांडलं ते असं: कक्षेचा आकार सुमारे १ लाख वर्षांत कमीजास्त लांबट होतो, आसाचा कल ४१ हजार वर्षांत २२.१ ते २४.५ अंशांत हलतो, आणि आस भोवऱ्यासारखा डुलत असल्यानं उपसूर्य कोणत्या ऋतूत येतो तेही सुमारे २३ हजार वर्षांत फिरत राहतं. हिवाळा कडक असून भागत नाही. ६५ अंश उत्तरेच्या आसपास उन्हाळा मवाळ हवा, म्हणजे हिवाळ्याचा बर्फ वितळून संपत नाही आणि साचत जातो. इथवर मला नीट कळलंय.

अडचण पुढे आहे. उत्तरेचा उन्हाळा सूर्यापासून लांब असताना येतो, तेव्हा दक्षिणेचा उन्हाळा जवळ असताना येतो. मग दक्षिण तापायला हवी. हिमयुगात तर दोन्ही गोलार्ध थंड होते! शिवाय वर्षभरात पृथ्वीला मिळणारं एकूण ऊन जवळपास तेवढंच राहतं. एवढ्याशा फरकानं एवढा बर्फ कसा? वर्गात करून दाखवता येईल असं काही असेल तर फार बरं. एका पालकांचं म्हणणं आहे की हवामान निसर्गतःच बदलतं, आत्ताचंही तसलंच. त्यांनाही उत्तर द्यायचं आहे.

प्रतिसाद, सांगलीहून:
ताई, प्रश्न अगदी नेमका आहे. ऊन फक्त सुरुवात करून देतं, पुढचं काम पृथ्वीच करते. उत्तरेत ६५ अंशांवर कॅनडा, स्कँडिनेव्हिया, सैबेरिया अशी जमीन आहे, बर्फाला साचायला जागा आहे. दक्षिणेत त्याच पट्ट्यात बहुतेक समुद्र. म्हणून उत्तरेचा शब्द चालतो. ताजा बर्फ ८० टक्क्यांहून जास्त ऊन परत फेकतो, म्हणून आणखी गारवा, आणखी बर्फ. भर उन्हात घाटाच्या काळ्या पायऱ्यांवर आणि चुना लावलेल्या गच्चीवर अनवाणी उभं राहायला सांगा, मुलांना फरक लगेच कळेल.

दक्षिणेला गारठवणारा मोठा दुवा कार्बन डायऑक्साइड. तो हवेत सगळीकडे मिसळतो, गोलार्ध बघत नाही. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेले हवेचे बुडबुडे तपासलेत: हिमयुगात दर दहा लाख भागांत सुमारे १८०, उबदार काळात सुमारे २८०. थंड समुद्रात वायू जास्त मुरतो, शिवाय खोल पाण्यात कोंडून राहतो. गोटी सोड्याची एक बाटली गार, एक कोमट घ्या आणि मोकळ्या पटांगणात फोडा. कोमटमधून गॅस कसा उसळतो बघा.

पालकांना आकडे दाखवा. हिमयुग ओसरताना १८० वरून जवळपास २७० व्हायला हजारो वर्षं लागली. २८० वरून ४२० च्या वर आपण दोनेकशे वर्षांत गेलोय, कोळसा-तेल जाळून. कक्षा एवढ्या झपाट्यानं बदलत नाही.

धागाकर्ती:
मनापासून आभार. दक्षिणेत जमीन नाही हे माझ्या नजरेतून सुटलं होतं, नकाशा समोर असूनही. शनिवारी सकाळची शाळा असते, सोडा तेव्हाच करते. आणखी एक विचारू? आपल्या पायाखालचा हा काळा दगड सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. ज्वालामुखीनं पृथ्वी थंड होते असं मी शिकवलं, फिलिपिन्समधल्या पिनातुबो ज्वालामुखीचं १९९१ चं उदाहरण देऊन: त्यानंतर पृथ्वी वर्ष-दोन वर्षं सुमारे अर्ध्या अंशानं थंडावली. पण ज्वालामुखीतून कार्बन डायऑक्साइडही येतो. मग दख्खनच्या लाव्ह्यानं पृथ्वी तापली की गारठली?

प्रतिसाद, सांगलीहून:
दोन्ही, फक्त मुदत वेगळी. ज्वालामुखीतून उडालेले, ऊन अडवणारे गंधकाचे कण दोन-तीन वर्षांत खाली बसतात, तेवढाच गारवा. कार्बन डायऑक्साइडचा परिणाम हजारो वर्षं रेंगाळतो, आणि हा लाव्हा लाखो वर्षं अधूनमधून येत होता. पुढे तोच दगड पावसानं झिजताना हवेतला कार्बन हळूहळू शोषतो. कासच्या पठारावरचा तांबडा जांभा हा तसाच झिजलेला दगड. मुलांना तिथं घेऊन जा.