शनिवारी पोरांचं वाचन ऐकणं ही मदत आहे, का शाळेच्या कामावर पांघरूण?

कृष्णाकाठ (सांगली)
जूनपासून आम्ही सातजण दर शनिवारी दुपारी गल्लीतल्या देवळाच्या मंडपात तिसरी-चौथीच्या पोरांना वाचायला बसवतोय. शिकवत नाही, ऐकतो. एक पोरगं, एक मोठं माणूस, आठ-दहा ओळींचा एकच उतारा तीन-चार वेळा. अडलं तर जरा थांबायचं, नाहीच जमलं तर शब्द सांगून पुढं जायचं. परवा एक पोरगी 'पर्वत'ला अडली. रफार लिहिलेला असतो 'व'च्या डोक्यावर, पण म्हणायचा असतो 'व'च्या आधी, त्यामुळं ती बोट ठेवून प, व, र, त असं वाचत होती. चौथ्या वेळी पूर्ण ओळ एका दमात वाचली आणि मान वर करून माझ्याकडं बघितलं. आता एक शिक्षक मित्र म्हणतो तुम्ही शाळेचं काम फुकटात करून सरकारला मोकळं सोडताय. मला हे अजिबात पटत नाही, तुम्हाला काय वाटतं?

झेडपी_गुरुजी
मित्र बरोबर बोलला. निपुण भारत हे केंद्र सरकारचं वाचन-गणिताचं अभियान २०२१ ला आलं, २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या प्रत्येक पोराला समजून वाचता यायला पाहिजे असं त्यात लिहिलंय, म्हणजे जबाबदारी कुणाची ते ठरलेलं आहे. कायद्यानं साठ पटापर्यंत दोनच शिक्षक, वर्ग चार, त्यात निवडणूक लागली की आम्ही तिकडं. शिक्षक मागायला गेलो की तुमच्यासारख्यांचं नाव पुढं करतात, गावात चाललंय की म्हणून. आणि हौशी माणसं दिवाळीनंतर दिसत नाहीत हे मी दोनदा बघितलंय, पोरं बिचारी वाट बघत बसतात.

मिरजेची_आई
गुरुजी, शिक्षक मिळेपर्यंत पोरगं सातवीत जातंय त्याचं काय? माझ्या थोरल्याला चौथीत वर्गापुढं उभं करून वाचायला लावलं, पोरं हसली, त्यानंतर मराठीचा तास असला की सकाळीच पोटात दुखतंय म्हणायचा. शेजारच्या कॉलेजच्या पोरीनं चार महिने रोज पंधरा मिनिटं नुसतं ऐकून घेतलं तेव्हा कुठं भीती गेली. एकट्या माणसापुढं चुकायला लाज वाटत नाही हो.

सातारी_माणूस
कर्मवीर भाऊराव पाटील अण्णांनी १९१९ ला काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ ला साताऱ्यात सगळ्या जातीच्या पोरांचं वसतिगृह काढलं, ते काय सरकारची वाट बघत बसले होते का?

झेडपी_गुरुजी
अण्णांनी संस्था उभी केली दादा, शनिवारचा तास नव्हे. फरक आहे.

कराडकर
माझी अडचण वेगळीच आहे. आमच्याकडं एकजण मोबाईलवर वेळ लावून बसायचा, मिनिटाला साठ शब्द झाले पाहिजेत म्हणून. पोरं धावत सुटायची, पूर्णविरामाला पण थांबायची नाहीत, आणि गोष्टीत कोण कोण होतं विचारलं की गप्प. असलं वाचन काय कामाचं?

कृष्णाकाठ (सांगली)
कराडकर, वेळ आम्ही लावतच नाही. पण सलग वाचता येणं लागतंच, कारण सगळं डोकं अक्षर ओळखण्यातच गेलं तर वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरलेली असते, अर्थ लागणार कुठनं. म्हणून शेवटी पुस्तक मिटून तुझ्या शब्दात सांग म्हणतो. गुरुजी, दिवाळीनंतरचं तुम्ही म्हणताय ते खरंय, आमच्यातले पण दोघं गळाले आणि त्यांची पोरं दोन शनिवार नुसती बसून गेली, मला फार लागलं ते. आता जो मार्चपर्यंत येणार त्यालाच पोरगं देतो. आणि सीझन चालू झाला की ऊसतोड टोळ्यांची पोरं येतात, अर्धं वर्ष इथं अर्धं गावाकडं, त्यांचं ऐकायला तर कुणीच नसतं.

झेडपी_गुरुजी
मग नुसतं ऐकू नका, लिहून ठेवा. कुठलं पोरगं कुठं अडतंय, किती महिने अडतंय, सगळं. शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सभासद पालकच असतात, त्यांच्या हातात ती वही द्या आणि ठरावात शिक्षकाची मागणी घाला. एवढं करणार असाल तर मी विरोध करणार नाही, नाहीतर माझं मत तेच.

कृष्णाकाठ (सांगली)
वही या शनिवारपासून चालू करतो. ठरावाचा मसुदा तुम्ही लिहून द्याल का?