नाशिकहून गुजरातला माल नेताना डिझेल कुठे टाकावं?

दिंडोरीचा पिकअपवाला

राम राम मंडळी. माझी बोलेरो पिकअप आहे. दिंडोरी तालुक्यातून टोमॅटो, ढोबळी मिरची भरून सुरत आणि वापीच्या मार्केटला नेतो. आमच्याकडे सगळ्या ड्रायव्हर लोकांचं एकच म्हणणं: निघताना दोन-तीनशेचं डिझेल टाकायचं, पेठ ओलांडायचं आणि गुजरातमधल्या धरमपूरला टाकी फुल करायची. लिटरमागे आठ-दहा रुपये वाचतात म्हणे.

मला हे पटत नाही, कारण मधे सावळ घाट आहे. भरलेली गाडी, दुसरा गिअर, रात्रीचा रस्ता आणि काटा लाल पट्टीत. डिझेल संपलं तर गाडी नुसती थांबत नाही, लाईनीत हवा धरते. मग कॅनमधून डिझेल आणून भागत नाही, पंप मारून हवा काढावी लागते. तोवर पहाटेचा लिलाव निघून जातो आणि टोमॅटो उरलेल्या भावात द्यावा लागतो.

तर खरंच एवढा फरक आहे का? कंपनी तीच, तेल तेच, मग हद्द ओलांडली की भाव का बदलतो?

आडगाव नाका हिशोब

भाऊ, आधी उत्तर: डिझेलसाठी काटा तळाला नेऊन घाटात जाऊ नका.

मी आडगाव नाक्यावर एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात हिशोब बघतो. गुजरात, मध्य प्रदेश, कर्नाटक, सगळीकडच्या डिझेलच्या पावत्या माझ्या टेबलावर येतात. २०२५ मधल्या पावत्यांचं सांगतो. नाशिकचं डिझेल ९० ते ९१ रुपये, वलसाड-सुरतकडचंही ९० ते ९१. फरक पडलाच तर पैशांत. आठ-दहा रुपयांची गोष्ट पेट्रोलची आहे. नाशिकला पेट्रोल १०४ च्या आसपास, तिकडे ९५ च्या आसपास. बाईकवाल्याने सांगितलेलं पिकअपवाल्याने ऐकलं आणि डिझेललाही लावलं.

आता का, ते सांगतो. केंद्राचा अबकारी कर देशभर सारखा असतो. फरक पडतो तो राज्याच्या व्हॅटमुळे. पेट्रोल-डिझेल जीएसटीत नाही, त्यामुळे प्रत्येक राज्य आपापला दर लावतं. महाराष्ट्रात डिझेलवर २१ टक्के व्हॅट आहे, गुजरातमध्ये १४.९ टक्के. एवढंच वाचून लोक म्हणतात, बघा, सहा टक्के स्वस्त. पण गुजरातमध्ये मूळ भाव आणि व्हॅट यांच्या बेरजेवर आणखी ४ टक्के सेस, म्हणजे उपकर, बसतो. दोन्ही मिळून साडेएकोणीस टक्के होतात. राज्याचा कर लागण्याआधी डिझेल २०२५ मध्ये ७५ रुपयांच्या आसपास होतं. त्यावर दीड टक्का म्हणजे रुपया, सव्वा रुपया. डेपोपासून पंपापर्यंतच्या भाड्यात थोडा फरक पडला की तोही जातो.

पेट्रोलचं गणित वेगळं आहे. आपल्याकडे २५ टक्के व्हॅट आणि वर लिटरमागे ५ रुपये १२ पैसे. गुजरातला १३.७ टक्के आणि तोच ४ टक्के सेस, म्हणजे सव्वाअठरा टक्के. पेट्रोलचा करापूर्वीचा भाव ७९ धरा. आपल्याकडे राज्याचा कर जवळपास २५ रुपये होतो, तिकडे साडेचौदा. तुमचे दहा रुपये तिथे आहेत.

डिझेल स्वस्त असल्याची गोष्ट अगदीच हवेतली नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राने अबकारी कर उतरवला, तेव्हा गुजरातने स्वतःचाही कर ७ रुपयांनी उतरवला आणि महाराष्ट्र थांबून राहिला. त्या काळात हद्दीपलीकडे डिझेल टाकण्यात खरा फायदा होता. जुलै २०२२ मध्ये आपल्या राज्याने पेट्रोलवर ५ आणि डिझेलवर ३ रुपये कमी केले आणि डिझेलची दरी जवळपास बुजली. लोकांच्या तोंडी मात्र जुनाच हिशोब राहिला. मुंबईचंही तसंच. परतीच्या गाड्या ठाण्याची हद्द सोडून शहापूरला टाकी भरायच्या, कारण मुंबई, ठाणे, नवी मुंबईत डिझेलवर २४ टक्के होते. १ जुलै २०२४ पासून तिथेही २१ झाले. तरी आमचे दोन ड्रायव्हर अजून शहापूरलाच थांबतात.

सुरगाणा, शाळेतली बाई

वरच्या दादांनी पेट्रोलचं सांगितलं, त्यात आमची बाजू घालते. मी सुरगाणा तालुक्यात हद्दीजवळच्या शाळेत शिकवते आणि रोज स्कूटीने जाते. इथे डिझेलवर चालणारं फार थोडं आहे. मजुराची, शेतकऱ्याची, आशाताईंची, सगळ्यांची गाडी म्हणजे मोटरसायकल, आणि ती पेट्रोलवर चालते. म्हणजे ज्या तेलावर दहा रुपये जास्त लागतात, तेच आमच्या वाट्याला.

ज्यांचं गुजरातमधल्या वांसद्याकडे जाणं-येणं असतं, ते तिकडूनच टाकी भरून येतात. ज्यांचं नसतं, ते किराणा दुकानातून बाटलीतलं पेट्रोल घेतात. पंप लांब, म्हणून दुकानदार वर आणखी पैसे लावतो. शेल्फवर गोडेतेलाच्या शेजारी पाण्याच्या बाटलीत पिवळसर पेट्रोल, बूच अर्धवट लावलेलं, आणि खाली चुलीसाठी काड्यापेट्यांचा गठ्ठा. मुलांना खाऊ आणायला त्याच दुकानात पाठवतात. मला ते बघून धस्स होतं. भाव कधी उतरेल तेव्हा उतरो, पण या भागात आधी पंप हवेत.

आग्रा रोड

इंदूरच्या बाजूला जाणाऱ्यांनी उलटं करायचं. मध्य प्रदेशात २०२५ मध्ये पेट्रोल आपल्यापेक्षाही महाग होतं, १०६ च्या वर, आणि डिझेलही ९२ च्या घरात. हद्दीअलीकडे शिरपूरला टाकी भरून घ्या, पलीकडे सेंधव्याला नको.

आणि भाड्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. आपल्या जिल्ह्याला तेल मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून येतं, मुंबईहून तिथवर पाईपलाईन आहे. परभणीलाही तिथूनच टँकर जायचे, सुमारे तीनशे किलोमीटर. एकाच राज्यात, एकाच करात परभणीचं पेट्रोल सगळ्यात महाग म्हणून बातमीत यायचं, ते याच भाड्यामुळे. जानेवारी २०२४ मध्ये नव्या हिट-अँड-रन कायद्यावरून टँकरचालक संपावर गेले, तेव्हा पानेवाडी थांबली आणि नाशिकच्या पंपांवर रांगा लागल्या, आठवत असेल.

दिंडोरीचा पिकअपवाला

सगळ्यांचे आभार. म्हणजे सुरतच्या फेरीला दिंडोरीतच टाकी भरून निघतो. वापीचं काय? तिकडचे लोक सिल्वासाचं नाव घेतात.

बाई, तुम्ही सांगितलेलं दुकान आमच्या रस्त्यालाही आहे, अगदी तसंच.

आडगाव नाका हिशोब

सिल्वासा आणि दमण केंद्रशासित, तिथे कर कमी आहे. २०२५ मध्ये डिझेल ८८ च्या आसपास मिळायचं, म्हणजे अडीच-तीन रुपयांचा खरा फरक. माल तिकडेच उतरत असेल तर परतीचं डिझेल तिथे जरूर टाका, ५० लिटरला सव्वाशे-दीडशे सुटतात. वापीहून मुद्दाम वाट वाकडी करायची असेल तर आधी हे धरा: तुमची गाडी लिटरला १३ देत असेल तर किलोमीटरला ७ रुपये जळतात. जाऊन-येऊन २० किलोमीटर जास्त पडले की १४० गेले. कॅनमध्ये भरून मात्र आणू नका. बाईंनी सांगितलेल्या बाटलीसारखाच तो धोका, आणि मागे माल असतो.

एक अजून. अनोळखी पंपावर भावाइतकंच मापाकडे बघा. मशीन शून्यावर आलं का ते खाली उतरून पाहायचं. शंका आली तर पाच लिटरचं माप मागा, ते प्रत्येक पंपावर असतं आणि गिऱ्हाईकाला दाखवावंच लागतं. पाच लिटरला २५ मिलीपर्यंत कमी-जास्त चालतं. तेवढंच कमी आलं तरी लिटरमागे ४५ पैसे झाले, म्हणजे धरमपूरला खरं जे काही पैशांत वाचलं असतं, ते इथेच गेलं. त्याहून जास्त तूट दिसली तर पावती घ्या आणि वैधमापन खात्याकडे तक्रार द्या.