हातात धरून बाईट घ्यायला कोणता माईक घ्यावा?

कोलशेतकर
मी आणि मित्र ठाण्यातल्या घडामोडींचं छोटं यूट्यूब चॅनल चालवतो. सध्या कॉलरचा वायरलेस माईक मोबाईलला जोडतो. परवा जांभळी नाक्यावर भाजीवाल्या मावशींशी बोललो. घरी ऐकलं तर मावशी कमी, रिक्षांचे हॉर्न जास्त. शिवाय क्लिप लावेपर्यंत माणूस निघून जातो ते वेगळंच. आता डायनॅमिक माईक (आत चुंबक आणि तारेचं वेटोळं असलेला) घ्यायचाय, बजेट दहा हजार. सगळे श्युअरचा एसएम ५८ सांगतात. घेऊ?

खारेगावकर
१९६६ पासून टिकलाय, वाईट कसा असेल? पण तो मुळात गायकांचा. कार्डिऑइड, म्हणजे समोरचंच नीट ऐकणारा. बाईट घेताना माईक तुमच्याकडून त्यांच्याकडे फिरत राहतो. कोन चुकला की उत्तराचे पहिले दोन शब्द गेले. म्हणून बरेच बातमीदार ओम्नी, म्हणजे सगळीकडचं सारखं ऐकणारा, धरतात: इलेक्ट्रो-व्हॉइस आरई ५०, श्युअर एसएम ६३, रोड रिपोर्टर, बायरडायनॅमिक एम ५८ (हा ५८ वेगळा, दुकानात घोळ होतो). ओम्नीत हाताची खरखर आणि 'प', 'फ'चे फटके कमी. आरई ५० चा कॅप्सूल (आवाज पकडणारा भाग) तर आत वेगळा टांगलेला असतो. यातले काही नवे बजेटबाहेर जातील, जुना चांगला मिळाला तर बघा.

वाशी_सेक्टर९
सहमत नाही. ओम्नी चारी बाजूंचं ऐकणार. जांभळी नाक्यावर? मी एपीएमसीच्या कांदा-बटाटा बाजारात लिलाव चालू असताना कार्डिऑइडच वापरतो. सेनहायझरचा एमडी ४६ बातमीदारांसाठीच बनवलेला कार्डिऑइड आहे.

खारेगावकर
तुमचा हात बसलाय हो, त्यांचा पहिलाच माईक आहे. आणि खरा फरक अंतराचा. अंतर अर्धं केलं की बोलणाऱ्याचा आवाज सहाएक डेसिबलने चढतो, गोंगाट आहे तिथेच राहतो. हनुवटीच्या जरा खाली, तोंडापासून चार बोटांवर धरा. आणि काही झालं तरी माईक समोरच्याच्या हातात देऊ नका. पुढाऱ्याच्या हातात गेला तर बाईटचं भाषण होतं.

वाशी_सेक्टर९
हे मात्र शंभर टक्के! आणखी एक, माईकइतकंच जोडणीकडे बघा. डायनॅमिकला फँटम पॉवर (वायरीतून माईकला दिलेली वीज) लागत नाही, पण सिग्नल अगदी बारीक, जेमतेम एक-दोन मिलिव्होल्ट. नुसत्या वायरने फोनला लावला तर गेन (सिग्नल किती वाढवायचा ते) चढवावा लागतो आणि मागे 'श्श्श' येतं. एक्सएलआर (माईकची तीन पिनांची जोडणी) घेणारा छोटा इंटरफेस (माईक आणि फोनमधला डबा) किंवा रेकॉर्डर हवाच. मी आधी स्वस्तातली वायर घेतली होती. पिनेवर दोनच काळ्या रेघा; फोनला माईकसाठी तीन रेघांची लागते. फोनने मुकाट स्वतःच्या माईकवर रेकॉर्ड केलं. अख्खी मुलाखत पंख्याची! तेव्हापासून हेडफोन कानात असल्याशिवाय बटण दाबत नाही.

कोलशेतकर
बापरे, माझ्याकडची वायर आत्ताच बघितली. दोनच रेघा. म्हणजे आधी इंटरफेस, मग ओम्नी. मित्राच्या ओळखीत एकाकडे एसएम ६३ आहे, रविवारी मागून आणतो आणि मावशींकडेच पुन्हा जातो.

खारेगावकर
जा. पण या वेळी आधी भाजी घ्या, मग माईक काढा.